पंक्चर, चीक आणि वेडा रिडली

गेल्या रविवारी ईस्ट कोस्ट पार्कमध्ये सायकल पंक्चर झाली. पुण्यात असतो तर शंभर पावलांवर जुने टायर टांगलेलं झाड आणि त्याखाली पंक्चरवाला सापडला असता. इथे स्वतःच बसलो. बाटलीतलं पाणी ट्यूबवर ओतून बुडबुडे शोधले, घासलं, सोल्यूशन लावलं आणि लगेच ठिगळ दाबलं. दहा मिनिटांत चाक पुन्हा बसलं! मग आठवलं, आमचे पंक्चरवाले काका सोल्यूशन लावून निवांत फुंकर मारत बसायचे, ते उगाच नव्हे.

सोल्यूशन म्हणजे विरघळवलेलं रबर. त्यातला पातळ भाग उडून गेल्याशिवाय ते पकडत नाही. ही युक्ती सायकलच्या ट्यूबहून जुनी आहे. १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने नॅफ्थात रबर विरघळवलं, दोन कापडांच्या मध्ये पसरवलं आणि रेनकोटाचं कापड तयार केलं. ते उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला आणि रबर भरवशाचं झालं.

आता सिंगापूरकडे येऊ. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यातूनच वाढलेली २२ रोपं १८७७ मध्ये इथल्या बोटॅनिक गार्डन्सकडे आली. पण रबराला गिऱ्हाईक होतं कुठे? मळेवाले कॉफीत गुंतलेले. १८८८ मध्ये हेन्री रिडली बागेचा प्रमुख म्हणून आला. त्याच वर्षी डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. योगायोग बघा!

रिडली खिशात बिया घेऊन मळेवाल्यांच्या मागे लागायचा. लोक त्याला 'वेडा रिडली' म्हणत. पण त्याचं खरं काम वेगळंच. ब्राझीलमध्ये कुऱ्हाडीने घाव घालत, त्याने झाडं खराब होत. रिडलीने दाखवलं की सालीला तिरकी चीर द्यायची आणि पुढच्या वेळी त्याच चिरेच्या कडेची पातळ साल तासायची. आतल्या लाकडाला धक्का नाही, आणि जखम पुन्हा उघडली की चीक पुन्हा वाहतो. १८९६ मध्ये मलाक्कात टॅन चे यान याने रबराची व्यापारी लागवड केली. पुढे कॉफी बसली, मोटारी आल्या आणि वेड्याला शहाणं म्हणायची वेळ आली.

चीक झाडाने आपल्यासाठी केलेला नाही. साल फाटली की तो वाहतो, घट्ट होतो आणि जखम बुजवतो. म्हणजे पंक्चर काढणं हे रबराचं मूळचंच काम. आपण ती जखम रोज उघडी ठेवायला शिकलो, एवढंच. आणि पहाटेच्या अंधारात ती उघडायला मलायातल्या मळ्यांवर तामिळनाडूतून हजारो मजूर आणले गेले. सिंगापूरच्या बंदराच्या भरभराटीत त्यांच्या घामाचाही वाटा आहे.

असो. अमेरिकेतल्या एका मित्राच्या कॅम्पर ट्रेलरच्या रबरी छताला बारीक भोकं पडली आहेत. त्याने विचारलं, सायकलचं सोल्यूशन चालेल का? नाही चालणार. ते छत बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं, त्याला त्याच्यासाठीची खास पट्टी लागते. पण जागा स्वच्छ हवी, कोरडी हवी आणि घाई नको, हे तिथेही तसंच.

मी दुसऱ्यांदा ठिगळ लावलं तेव्हा मात्र पाच मिनिटं फुंकर मारत बसलो. घरापर्यंत हवा टिकली.