लाइव्ह रॉकवर नकोसे जीव दिसले? दगड उकळायच्या आधी हे वाचा

गप्पी आणि गोल्डफिशपासून सुरू झालेली हौस कधीतरी खाऱ्या पाण्याच्या टँकपर्यंत येते. वसई-विरारच्या फ्लॅटमध्ये अशी टाकी लावणाऱ्याला दुकानदाराकडून किंवा एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्द हमखास ऐकू येतो, तो म्हणजे लाइव्ह रॉक. टँकमध्ये दगड लागतो आणि काही दिवसांनी रात्री दिवे बंद झाल्यावर त्याच्या भोकांतून काहीतरी वळवळत बाहेर येतं. मग घाबरून दगड काढला जातो आणि गॅसवर पाण्याचं पातेलं चढतं. ही चूक जिवावर बेतू शकते.

लाइव्ह रॉक म्हणजे काय?

दगड स्वतः जिवंत नसतो. तो बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा, म्हणजे पोवळ्याचा, सच्छिद्र सांगाडा असतो. त्याच्या भोकांत जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टँकचा खरा फिल्टर हाच. पण जिवाणूंसोबत शेवाळ, किडे, खेकडे, गोगलगायी असा सगळा गोतावळाही येतो.

भारतात समुद्रातून असा दगड काढणं हा गुन्हा आहे. खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मेलेलं पोवळंही त्यातून सुटत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. त्यामुळे 'अंदमानचा ओरिजिनल' असं सांगून कोणी दगड विकत असेल, तर घेणाराही अडकतो. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड मिळतात. त्यांवर जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो, पण सुरुवातीला तरी त्यांवर कीड नसते. पुढे दुसऱ्याच्या टँकमधून आलेल्या एखाद्या तुकड्याबरोबर ती येतेच.

वसईच्या किनाऱ्यावरून दगड किंवा पाणी आणायचा मोहही टाळलेला बरा. खाडीत उल्हास नदीचं पाणी येतं, त्यासोबत शहरांचं सांडपाणीही. पावसाळ्यात क्षारता एकदम उतरते. रीफ टँकला साधारण ३५ पीपीटी, म्हणजे १.०२५ घनतेचं स्थिर पाणी लागतं.

सगळेच शत्रू नसतात

अंगावर केसांसारखे काटे असलेला ब्रिसलवर्म पाहून सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा टँकचा सफाई कामगार असतो. उरलेलं खाणं, मेलेला मासा तो फस्त करतो. किडे फार वाढले तर त्याचा अर्थ खाणं जास्त पडतंय. ते कमी करावं. उघड्या हाताने मात्र धरू नये, काटे कातडीत मोडतात आणि आग होते.

खरी डोकेदुखी आहे एप्टेशिया. काचेसारखं पारदर्शक, तपकिरी छटेचं हे छोटं समुद्रफूल दिसायला गोड. पण त्याच्या डंखाने शेजारचं प्रवाळ मरतं आणि एकाची पन्नास व्हायला वेळ लागत नाही. चिमट्याने उपटलं तर दगडाला चिकटून राहिलेल्या कणभर मांसातून नवं उगवतं. म्हणजे उपटणं ही त्याची लागवडच.

त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय वसईकरांना नवा नाही: चुना. हौशी लोक ज्याला काल्कवासर म्हणतात तो कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, पानाला लावतात तोच पदार्थ. टँकसाठी मात्र काही न मिसळलेली शुद्ध पावडर घ्यावी. पंप बंद करून तिची घट्ट पेस्ट सुई नसलेल्या सिरिंजने एप्टेशियाच्या तोंडावर सोडायची. हळूच, नाहीतर ते भोकात मिटून बसतं. एका वेळी तीन-चारच मारावीत, कारण चुन्याने पाण्याचा पीएच चढतो. पेपरमिंट श्रिम्प ही कोळंबी एप्टेशिया खाते, पण प्रत्येक कोळंबी खाईलच असं नाही. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियावरच जगते. ते संपलं की तीही उपाशी मरते.

रात्री टँकमधून टक-टक आवाज येत असेल तर पिस्टल श्रिम्प किंवा मँटिस श्रिम्प असावा. पहिला सहसा निरुपद्रवी. दुसरा गोगलगायी फोडतो, मासे मारतो. त्याला पकडायला बाटलीचा सापळा लावतात, नाहीतर तो ज्या दगडात आहे तो दगडच काढून दाट खाऱ्या पाण्यात मिनिटभर धरतात. केसाळ पाय आणि काळ्या टोकांचे आकडे असलेला खेकडा वेगळा ठेवावा. हिरव्या गोळ्यांसारखं बबल शेवाळ पाण्याबाहेर काढून खरवडावं. नवा दगड चार ते सहा आठवडे वेगळ्या टबमध्ये, पंप लावून ठेवला आणि रोज रात्री टॉर्चने पाहिला, तर यातलं बरंच काही मुख्य टाकीत येतच नाही.

उकळायचं का नाही?

कारण झोअँथिड. बटणांसारखे, झुबक्याने वाढणारे हे जीव रंगीत असल्यामुळे मुद्दाम पाळलेही जातात. मुंबई-कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला त्यांचे गालिचे दिसतात. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. हे निसर्गातल्या सर्वात जहाल विषांपैकी एक आहे आणि उकळल्याने ते नष्ट होत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २००७ साली दगडावरचे झोअँथिड मारायला उकळतं पाणी वापरणाऱ्याला विषबाधा झाली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात २०१८ साली टँकमधला दगड बाहेर काढून घासल्यावर अख्खं कुटुंब आणि मदतीला आलेले पोलीसही रुग्णालयात गेले.

काही तासांत थंडी-ताप, खोकला, छातीत दाब, अंगदुखी, तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव ही त्याची लक्षणं. फ्लू समजून अंगावर काढू नये. यावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. त्यामुळे टँकचा दगड हाताळला होता हे त्यांना आधी सांगावं. अशा दगडाला ब्रश, ड्रिल, मायक्रोवेव्ह काहीच लावू नये. हातमोजे आणि चष्मा घालून, घराबाहेर, तो बादलीत पातळ ब्लीचमध्ये बुडवून ठेवावा. त्या बादलीत व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर ओतू नये, क्लोरीन वायू तयार होतो.

काढलेलं फेकायचं कुठे?

गटारात नाही आणि सुरुची किंवा अर्नाळ्याच्या समुद्रातही नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टँकमधलं शोभेचं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली समुद्रात आढळलं आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. तेच शेवाळ २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं. ताडपत्र्या अंथरून, खाली क्लोरीन सोडून ते संपवायला सहा वर्षं गेली. वसईच्या खाडीत बाहेरचा जीव रुजला तर पहिला फटका पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या कोळ्यांना. म्हणून टँकचं काढलेलं पाणी आधी ब्लीच टाकून दिवसभर ठेवावं, मगच सांडपाण्यात सोडावं. शेवाळ आणि मेलेले जीव पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावेत. ब्लीचमधून काढलेला दगड धुऊन उन्हात काही आठवडे खडखडीत वाळवला की पुन्हा वापरता येतो. फक्त त्यावर जिवाणू नव्याने वाढू द्यावे लागतात.