भीमाकाठचे दगड आणि मेडोज टेलर

पंढरपूरची भीमा गाणगापूरवरून पुढे जेवर्गीच्या शिवारात येते. देवदर्शनास जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ही वाट परिचित आहे. त्या शिवारातील प्राचीन दगडी वर्तुळे मात्र अपरिचितच राहिली. त्यांची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिलिप मेडोज टेलर याने केली.

1808 साली लिव्हरपूल येथे जन्मलेला टेलर कोवळ्या वयात मुंबईस आला व निजामाच्या चाकरीत शिरला. ठगांवरील कादंबरीने 1839 मध्ये त्याला कीर्ती मिळाली. पुढे 1841 पासून 1853 पर्यंत सुरपूर संस्थानाचा कारभार त्याच्याकडे होता. डोंगर, तळी व गढ्या न्याहाळण्याची आणि चितारण्याची आवड त्याला उत्खननाकडे घेऊन गेली. थडगी उकरताना त्याने केवळ भांडी व लोखंडी हत्यारे गोळा केली नाहीत. मातीचे थर, दगडांची खोली व सांगाड्यांची जागा दाखविणारी छेदचित्रे काढली. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलर यांनी त्या चित्रांचा गौरव केला.

टेलर राज्यकर्त्यांपैकीच होता, आणि ही थडगी केल्ट वा शक लोकांची असावीत हा त्याचा तर्क त्याच दृष्टीतून आला. आज ती दक्षिणेतील लोहयुगाची मानली जातात. त्याचा तर्क मागे पडला. मोजमापे अजूनही उपयोगी आहेत.

1853 मध्ये तो नळदुर्गास आला. तुळजापूरचा परिसर त्याच्या ‘तारा’ या 1863 च्या कादंबरीत उतरला. कन्नड सुरपूर आणि मराठी नळदुर्ग त्याच्या दृष्टीने एकाच दख्खनचे भाग होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत एक म्हैसूरकडे गेले, दुसरे मुंबई राज्याकडे. त्याबरोबर टेलरचे लेखनही दोन इतिहासांत विभागले गेले.

कर्नाटकात अशा थडग्यांना ‘मोरियर मने’, म्हणजे मोरियांची घरे, म्हणतात. ती बुटक्या लोकांनी बांधली, अशी लोकसमजूत आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील आपल्या वृद्धांच्या तोंडीही शिवारातील दगडांची, माळांची, ओढ्यांची मराठी नावे असतील. भाषेच्या हक्कासाठी आपण अर्जविनंत्या करतो, त्या कराव्यातच. परंतु नांगर व खाणी ते दगड हलविण्यापूर्वी त्यांची जागा, माप आणि दोन्ही भाषांतील नावे वहीत उतरविणे हेही आपलेच काम आहे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.