पीसीआर: १९७१ ची कल्पना, १९८३ चा शोध

१९७१ साली 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत नॉर्वेचे शेल क्लेप्पे होते आणि पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेले नोबेलविजेते हरगोविंद खोराना होते.

निबंधाच्या अखेरीस एक कल्पना येते. डीएनएचे दोन धागे तापवून विलग करावेत. दोन्ही धाग्यांवर ठरावीक जागी चिकटणारे छोटे तुकडे, म्हणजेच प्रायमर, विपुल प्रमाणात मिसळावेत. मिश्रण निवले की पॉलिमरेज हे विकर त्या तुकड्यांपासून पुढे नवा धागा विणते. प्रायमरवाचून त्याला आरंभच करता येत नाही. मग पुन्हा तापवावे. एकाचे दोन, दोनाचे चार; ३० फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक प्रती! उष्णतेने विकर निकामी होत असल्याने प्रत्येक फेरीला ते नव्याने घालावे लागेल, हेही तेथे नमूद आहे.

ही तर पीसीआरच. मग तिचे श्रेय १९८३ मधील कॅरी मुलिस यांना का मिळाले?

उत्तर बरेचसे प्रायमरमध्येच दडले आहे. प्रायमर घडवायचा तर लक्ष्याचा अक्षरक्रम ठाऊक हवा. सँगर यांची क्रमवाचनाची प्रभावी पद्धत आली ती १९७७ मध्ये. शिवाय तो तुकडा हाताने जोडणे हे अतिशय कष्टाचे काम. खोरानांच्या प्रयोगशाळेला यीस्टचे अवघे ७७ अक्षरी जनुक रचण्यासाठी काही वर्षे खर्ची घालावी लागली होती. मुलिस यांचे कॅलिफोर्नियातील 'सीटस' कंपनीतले कामच मुळी असे तुकडे बनवण्याचे होते. रात्री मोटार चालवताना कल्पना सुचल्याची त्यांची कथा रंजक खरी, पण सामग्रीची ही उपलब्धता तिच्यात सहसा झाकली जाते. विकराची अडचण पुढे यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतील जिवाणूपासून मिळालेल्या 'टॅक' पॉलिमरेजने दूर केली.

'ड्यूपाँ' कंपनीने १९७१ च्या याच निबंधाच्या आधारे सीटसच्या पेटंटला आव्हान दिले. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील ज्यूरीने सीटसच्या बाजूने कौल दिला.

१९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मुलिस यांना विभागून मिळाले. त्यातील दुसरे मानकरी मायकेल स्मिथ यांनीही कृत्रिम डीएनए तुकडे प्रायमर म्हणून वापरूनच जनुकात हवा तो बदल घडवण्याची पद्धत शोधली होती. तरुणपणी, १९५६ पासून, ते व्हँकुव्हरला खोरानांच्याच प्रयोगशाळेत काम करीत होते.