चार दारांची हेराल्ड, जी इंग्लंडने कधी बनवलीच नाही

दहिवलीत राहणाऱ्याला कर्जत स्टेशनवरचा एक आवाज पाठ असतो. पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर इंजिनं जोडली जातात, तो आवाज. बोरघाटाचा चढ म्हणजे ३७ फुटाला एक फूट, एकटं इंजिन गाडी ओढणार कसं? पण खोपोलीवरून जुन्या रस्त्याने घाट चढणाऱ्या मोटारीला मागून ढकलणारं कुणी नसतं. शिंग्रोबाला नाणं टाकायचं आणि दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं.

१९६० च्या दशकात या रस्त्यावर चढणाऱ्या देशी बनावटीच्या कार मुख्यतः तीनच. अॅम्बेसेडर, म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. फियाट, आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. आणि तिसरी, जिचं नाव आज घरात फक्त आजोबांना आठवतं: स्टँडर्ड हेराल्ड. तीनच का? कारण १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथेच उत्पादन करायचं, नाहीतर जायचं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स त्यानंतर निघून गेली.

आता जरा इंग्लंडला जाऊ. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून भांडण झालं, पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि छोट्या गाडीची गरज एकदम वाढली. १९५९ मध्ये दोन गाड्या आल्या. एक मिनी. अॅलेक इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच खाली, त्याच तेलात टाकला. दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसली! मग तिची व्हॅन, पिकअप, रॅली जिंकणारी कूपर, मागे डिकी लावलेली रायली एल्फ असे अवतार निघाले. २००० सालापर्यंत त्रेपन्न लाखांच्या वर मिनी बनल्या.

दुसरी ट्रायम्फ हेराल्ड. ही तितकी हुशार नव्हती, उलट जुन्या वळणाची. तेव्हा नव्या गाड्यांमध्ये बॉडी आणि चॅसी एकजीव करायची पद्धत आली होती. पण तशा बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतला आणि स्टँडर्ड-ट्रायम्फची पंचाईत झाली. मग त्यांनी वेगळी लोखंडी चॅसी ठेवली आणि वर बॉडीचे तुकडे बोल्टने बसवले. रूप दिलं इटलीच्या मिकेलोत्तीने. अख्खं बॉनेट पुढे उलटायचं, मेकॅनिकला इंजिनाभोवती मोकळी जागा.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे हे बघून मला हसू येतं. मिनी म्हणजे सुंदर मोनोलिथ. हेराल्ड म्हणजे नाईलाजाने मॉड्युलर झालेला प्रोजेक्ट. पण त्याच चॅसीवर सलून, कन्व्हर्टिबल, इस्टेट झाल्या, आणि ती आखूड करून स्पिटफायर ही स्पोर्ट्स कारही निघाली.

भारतात ती १९६१ मध्ये आली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ९४८ सीसीच्या इंजिनासह बनवायला घेतली. दारं दोन. इंग्लंडमध्ये नवरा-बायको पुढे, पोरं मागे, काम झालं. आपल्याकडे मागच्या सीटवर कोण? नऊवारीतली आजी, आत्या, मांडीवर डबा. प्रत्येक वेळी पुढची सीट दुमडून त्यांना आत ढकलायचं? म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासने हेराल्डला चार दारं बसवली. पाच दारांची इस्टेटही काढली. इंग्लंडमध्ये हेराल्ड १९७१ पर्यंत चालली, पण चार दारांची त्यांनी एकदाही काढली नाही. बॉडी एकजीव असती तर इतक्या छोट्या कारखान्याला हे जमलं असतं, असं मला वाटत नाही.

खरी गोची मागच्या चाकांची. हेराल्डला स्विंग अॅक्सल होता, म्हणजे मागची दोन्ही चाकं मधल्या डिफरन्शियलपासून पंखासारखी वरखाली व्हायची. गाडीत माणसं भरली की चाकं वरून आत झुकणार आणि टायर आतल्या कडेने झिजणार. रिकाम्या गाडीने जोरात वळण घेतलं तर बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायला बघणार. घाटात हे नको वाटतं. मालक आणि मेकॅनिक दोघंही वैतागले.

तेव्हा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने गझेल आणली. इंजिन तेच, दारं चार, पण मागे साधा सरळ अखंड अॅक्सल. तांत्रिकदृष्ट्या हे एक पाऊल मागेच. मला मात्र गझेलचा हा निर्णय या सगळ्या गोष्टीत सर्वात शहाणा वाटतो. ज्या रस्त्यावर चालायचं, तो रस्ता बघून घेतलेला.

गझेल १९७७ मध्ये संपली. १९८५ मध्ये त्याच कंपनीने रोव्हरच्या चकचकीत बॉडीत फार जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं इंजिन घालून स्टँडर्ड २००० काढली. महाग, जड, दमणारी. तीन वर्षांत कारखान्यातून कार निघणं बंद झालं.

तुमच्या घरी जुन्या अल्बममध्ये हेराल्ड दिसली, तर आधी दारं मोजा. चार असतील तर ती मद्रासची.