चापिंगोचे खानखोजे

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्याविषयीच्या नोंदी दोन ढिगांत पडतात. ब्रिटिश गुप्तवार्तेच्या टिपणांत ते गदरच्या कटातले धोकादायक इसम आहेत. मेक्सिकोच्या कागदांत ते चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेतले प्राध्यापक आहेत. दोन्हींतल्या तारखा शेजारी मांडल्या, की ‘आधी क्रांती, मग शेती’ ही रूढ मांडणी मला टिकताना दिसत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 1913 साली हिंदी मजुरांची गदर ही ब्रिटिशविरोधी संघटना उभी राहिली, त्याच काळात हा वर्ध्याकडचा तरुण ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत शिकत होता. दोन्ही गोष्टी बरोबरच चालल्या होत्या.

पहिले महायुद्ध सुरू होताच ते इराणात ब्रिटिशांविरुद्ध लढायला गेले. 1924 साली मेक्सिकोला पोचले.

तिथे त्यांनी मका हाती घेतला. ते काम किती चिकाटीचे, हे आमच्या जुळे सोलापूरच्या माणसाला ज्वारीवरून चटकन कळेल. ज्वारीत बहुतांशी स्वपरागीभवन होते. चांगले कणीस निवडत गेले की वाण स्थिर होतो. आपल्या मोहोळला 1930 च्या दशकात मालदांडी 35-1 असाच निवडीतून निघाला. मक्याचे तसे नाही. तुरा झाडाच्या शेंड्याला, कणीस खाली बगलेत, आणि पराग वाऱ्यावर. शेजारच्या वाफ्यातले परागही येऊन मिसळतात. म्हणून केसर बाहेर पडण्याआधीच कणसाला पिशवी घालायची, तुऱ्यालाही घालायची, ठरावीक झाडाचे पराग ठरावीक कणसावर झाडायचे आणि पुन्हा झाकायचे. हंगामामागून हंगाम हेच. खानखोज्यांनी मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशी, तेओसिंतेशी, संकर केला आणि नव्या वाणांवर लिहिले.

प्रयोगशेतावर ते थांबले नाहीत. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषी शाळा काढल्या. एका शाळेला मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झपाटाचे नाव होते. 1928 च्या सुमाराची या उपक्रमाची टीना मोदोत्ती यांनी काढलेली छायाचित्रे आहेत, आणि नंतर लिहिलेल्या आठवणींपेक्षा मला हा समकालीन पुरावा अधिक वजनदार वाटतो. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेराने त्याच वर्षी ‘आमची रोजची भाकर’ हे चित्र काढले. त्यात मेजाशी बसून भाकर मोडणारा पुरुष खानखोजेच, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

याच काळात उत्तरेला, अमेरिकेत, मक्याचाच दुसरा अभ्यासक सत्तेत चढत होता. आयोवाच्या हेन्री वॉलेस यांनी 1926 साली संकरित मक्याची कंपनी काढली, 1933 मध्ये ते अमेरिकेचे कृषिमंत्री झाले आणि 1941 मध्ये उपाध्यक्ष. 1940 च्या डिसेंबरात त्यांनी मेक्सिकोचा दौरा केला. तिथली मका-गव्हाची शेती पाहून त्यांनी आग्रह धरला आणि 1943 साली रॉकफेलर प्रतिष्ठानचा कार्यक्रम सुरू झाला. चापिंगो त्याचेही प्रयोगकेंद्र बनले. गहू-संशोधक नॉर्मन बोरलॉग 1944 मध्ये त्या कार्यक्रमात रुजू झाले.

वॉलेसना जे अधिकार मिळाले, ते खानखोज्यांना कधीच मिळाले नाहीत. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मायदेशी यायचे ठरवले, तेव्हा प्रवेशपरवान्याचा अर्ज आधी नाकारला गेला, कारण ब्रिटिश अमदानीतली बंदी कागदोपत्री तशीच होती. ज्या सरकारविरुद्ध ते लढले ते गेले, पण त्या सरकारचा शेरा नव्या राज्यातही चालला. मला हे फार लागते. बंदी पुढे उठली. ते नागपुरात स्थायिक झाले, राजकारणातही उतरले, पण शेतीचे धोरण दुसऱ्यांच्याच हाती राहिले.

1966 साली भारताने त्याच मेक्सिकोतून बोरलॉग यांच्या गव्हाचे 18,000 टन बियाणे आणले. केंद्रात तेव्हा सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री होते आणि नगर जिल्ह्यातून निवडून गेलेले अण्णासाहेब शिंदे त्याच खात्यात होते. त्या बियाण्याचे पहिले मोठे पीक शेतात उभे असताना, 22 जानेवारी 1967 रोजी, खानखोजे वारले.