भावनिक स्वास्थ्य आणि शारीरिक आरोग्य

भावनिक स्वास्थ्याचा शारीरिक आरोग्यावरील परिणाम हा वैद्यकशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. सुश्रुतसंहितेतील निरोगी माणसाच्या व्याख्येत दोष, अग्नी व धातू यांच्या समतोलाबरोबर मनाची प्रसन्नताही अंतर्भूत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून अमलात असलेल्या घटनेतही आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, असे म्हटले आहे. 'पोटात गोळा येणे', 'अन्न गोड न लागणे', 'हाय खाणे' हे मराठी वाक्प्रचार हाच संबंध सुचवतात. 'हाय खाणे' यात तर दुःखाने शरीर खंगण्यापर्यंतचा अर्थ येतो.

शरीरातील प्रक्रिया

भीती किंवा चिंता निर्माण झाली की मेंदूच्या आज्ञेने अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. हृदयाचे ठोके, रक्तदाब व रक्तातील साखर वाढते. संकट अल्पकाळाचे असेल तर ही प्रतिक्रिया उपकारक ठरते. ताण महिनोन्‌महिने टिकला तर मात्र झोप बिघडते आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते. हान्स सेल्ये यांनी ताणाला शरीर देत असलेल्या प्रतिसादाचे वर्णन १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवरील छोटी जखम भरण्यास इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ९ दिवस अधिक लागले, असे १९९५ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. सहभागी स्त्रियांची संख्या मात्र लहान होती. भारतासह ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासाने (२००४) हृदयविकाराच्या झटक्याच्या नऊ प्रमुख कारणांत मनोसामाजिक घटकांचा समावेश केला.

गोवा व महाराष्ट्रातील अभ्यास

गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १७१ बालकांचा मागोवा घेतला. प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या मातांची मुले सहाव्या महिन्यात वजनाने कमी असण्याचे प्रमाण अधिक होते. जन्मवेळचे वजन व मातेचे शिक्षण विचारात घेऊनही हा संबंध टिकला (२००३). आईच्या मनाची अवस्था बाळाच्या वजनात दिसते, हा या विषयातील सर्वांत बोलका पुरावा म्हणावा लागेल. कुपोषणाची चर्चा बहुधा आहारापाशीच थांबते, म्हणून त्याचे महत्त्व अधिक.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे आणि महिला मंडळे उभारणे हे त्याचे वैशिष्ट्य. प्रकल्पातील स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक आरोग्य म्हणजे ताणाचा अभाव, असे या स्त्रियांनी सांगितले. ताणाची कारणे म्हणून पती व सासूशी होणारे कलह, घरातील मारहाण आणि गरिबी यांचा उल्लेख केला. याचा अर्थ असा की अशा ताणावर 'मन शांत ठेवा' हा सल्ला अपुरा आहे. परिस्थिती बदलणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.

निदानातील अडचण

नैराश्यग्रस्त व्यक्ती दवाखान्यात बहुधा शरीराचीच तक्रार घेऊन येते: अंगदुखी, थकवा, झोप न लागणे. त्यामुळे मूळ दुखणे निसटते. याउलट, प्रत्येक दुखण्याला 'टेन्शन' म्हणणे तितकेच धोक्याचे. छातीत दुखणे, वजन घटणे यांसाठी तपासणी आधी झाली पाहिजे. मधुमेह किंवा क्षयासारख्या दीर्घ आजारातून नैराश्य उद्‌भवते आणि नैराश्यामुळे औषधे नियमित घेतली जात नाहीत, असा संबंध दोन्ही दिशांनी असतो.

उपचार

गोव्यातील 'मानस' प्रयोगात (२०१०) २४ दवाखान्यांचा समावेश होता. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने सरकारी आरोग्य केंद्रांतील रुग्णांत सुधारणा दिसली, खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' उपक्रमानंतर नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा (१४४१६) १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून ती मराठीतही उपलब्ध आहे.