बागी आणि बाबा

मे १९६०. तुम्ही ग्वाल्हेर स्टेशनावर उतरता आणि पहिल्याच श्वासाला नाक कोरडं पडतं. लू सुटली आहे. टांगेवाल्याने तोंडाला ओला पंचा गुंडाळला आहे, आणि लष्कर भागात जायचं म्हटल्यावर तो फक्त मान हलवतो. महाराज बाड्याला वळसा घालून टांगा एका बोळाशी थांबतो. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१० च्या सुमारास इथे तळ टाकला आणि तळाचं शहर झालं. तेव्हापासूनची मराठी घरं या बोळांतून आहेत. दारावर वाळ्याचा भिजवलेला पडदा. आत गेलात की काकू आधी पन्ह्याचा पेला हातात देतात, मग चौकशी.

तुम्ही भिंडला निघाला आहात हे ऐकून त्या गप्प होतात. मग विचारतात, "विनोबांच्या पाया पडायला जाताय, की बागींना बघायला?"

तुमच्याकडे उत्तर नाही. खरं सांगायचं तर दोन्हीसाठी. गेल्या नोव्हेंबरात गब्बरसिंग पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याच वर्षी रूपा पंडितही मारला गेला आणि त्याची टोळी लोकमन दीक्षिताकडे आली. सगळा मुलूख त्याला लुक्का म्हणतो. या टोळीची मुळं मानसिंगपर्यंत जातात. तो १९५५ मध्येच चकमकीत पडला. शहरात वर्तमानपत्रं यांना डाकू म्हणतात, खेड्यात लोक बागी म्हणतात. काकूंच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा यांच्या तावडीत तीन महिने होता. "अजून अंधारात एकटा उठत नाही हो तो," त्या सांगतात, आणि तुमच्या पिशवीत दशम्या बांधून देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही छोट्या गाडीत बसता. दोन फूट रुंदीचे रूळ, खेळण्यासारखे डबे. शिंद्यांच्या राजवटीत टाकलेली ही लाईन ग्वाल्हेरहून भिंडला जाते, दुसरा एक फाटा जौरा-सबलगढवरून श्योपूरला. गोहद मागे पडतं. भिंडहून पुढे चंबळच्या अंगाला निघालात की सपाट शेत चालता चालता एकदम संपतं आणि पायाखाली घळ उघडते. मातीच्या उभ्या भिंती, त्यांना फुटलेले फाटे, फाट्यांना फाटे, तळाशी बाभळी. हे बीहड. पावसाचं पाणी शतकानुशतकं ही माती कापत नदीकडे नेत आलं आहे आणि दरवर्षी कुणाच्या तरी शेताचा तुकडा गिळतं. उरलेल्या जमिनीसाठी भाऊ भावावर बंदूक रोखतो. एक खून पडतो. मग पोलीस, मुखबिर म्हणजे खबरे, कोर्ट, सूड. खून करणारा घळीत उतरतो. उतरायला एक रात्र पुरते, परतीची वाट मात्र तिथे नाही.

तुमच्या शेजारी बसलेला म्हातारा आपल्या पुतण्याची गोष्ट सांगतो. "पकड" झाली होती. पकड म्हणजे ओलीस. फिरौतीसाठी, म्हणजे खंडणीसाठी, म्हशी विकल्या, मग जमीन, मग सुनेचे दागिने. पुतण्या आला, पण घर उठलं. म्हातारा रडत नाही. बाबा येणार म्हणून तोही निघाला आहे. कशासाठी, असं तुम्ही विचारता. तो बराच वेळ बाहेर बघत राहतो. "देखेंगे," एवढंच म्हणतो.

या प्रवासात म्हाताऱ्याला विसरू नका. पापी माणसावर देवाने कृपा केली, असं आपण भरल्या गळ्याने सांगतो तेव्हा ज्याच्यावर पाप कोसळलं तो बहुधा गोष्टीतून गळून गेलेला असतो. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाला हे आपल्याला पाठ आहे. त्याच्या रांजणांतल्या एकेका खड्यामागे एक माणूस होता, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

आता थोडं मागे चला, नैनीच्या तुरुंगात. मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीच्या कोठडीत आहे. बाप गेला, टोळी दुसऱ्यांच्या हाती गेली, दयेच्या अर्जाचं काय होणार माहीत नाही. आयुष्यभर ज्या हाताने माणसं थरकापली तो हात आता स्वतःसाठी काहीच करू शकत नाही. या अवस्थेत तो विनोबांना पत्र लिहितो. विनोबा तेव्हा काश्मीरच्या पदयात्रेत आहेत. सोबत मेजर जनरल यदुनाथसिंग आहेत, स्वतः याच मुलखाचे. जनरल नैनीला जाऊन त्याला भेटतात, आणि पुढे बंदूक न घेता बीहडात निरोप घेऊन फिरतात. तहसीलदारची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली गेली. पत्र लिहिताना मात्र त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. माणसाचे सगळे उपाय थकल्यावरच ती हाक निघाली, आणि ती पोचली.

एक गोष्ट नीट समजून घ्या: देव या लोकांच्या आयुष्यात नव्हता असं कधीच नव्हतं. बागी देवीचे भक्त. कपाळाला टिळा लावल्याशिवाय निघायचे नाहीत, देवळांना दान द्यायचे, ब्राह्मणांना जेवू घालायचे. मानसिंगच्या खेडा राठौर गावी तर पुढे त्याचंच देऊळ उभं राहिलं. पूजा त्यांच्याकडे भरपूर होती. बंदुकीच्या शेजारी ती सुखाने नांदत होती. मला वाटतं, कृपा आणि पूजा यांची गल्लत आपण रोज करतो. जो देव आपल्याला आहोत तसेच चालू देतो, तो आपणच घडवलेला असतो.

कनेरा गावात तुम्ही पोचता तेव्हा मे महिन्याचा मध्य उलटला आहे. चौसष्ट वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, काटकुळा माणूस चालत आला आहे. १९५१ मध्ये पोचमपल्लीला पहिली जमीन दान मिळाली, तेव्हापासून तो चालतोच आहे. कुलाब्यातल्या गागोद्याचा हा ब्राह्मण इथे हिंदीत बोलतो, हळू, शिकवल्यासारखं. त्याच्याजवळ सरकारी माफीचं आश्वासन नाही, आणि तसं तो स्पष्ट सांगतो. खटले चालतील. शिक्षा होईल ती भोगावी लागेल. तो एवढंच म्हणतो की छळ होऊ नये आणि मागे राहिलेल्या बायकापोरांकडे कुणीतरी बघावं.

इतक्या थोड्या भांडवलावर कोण येईल?

गर्दी हलते. लुक्का येतो, त्याचे साथीदार येतात. खांद्यावर दुर्बीण लावलेली रायफल. तुम्ही कल्पनेत रंगवला होतात तसा राक्षस दिसत नाही. उन्हाने रापलेला, सावध डोळ्यांचा माणूस आहे. तो वाकतो आणि रायफल विनोबांच्या पायांशी ठेवतो. मग दुसरी बंदूक, तिसरी. त्या महिन्यात असे वीसजण आले. हत्यार ठेवल्यावर हातांचं काय करायचं हे त्यांतल्या कित्येकांना कळत नाही, ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पाठीला भिंत नाही, कमरेला काडतुसं नाहीत आणि समोर दीडदोनशे माणसं आहेत. जे लुटले गेले तेही त्यांत आहेत. गाडीतला तो म्हाताराही आहे. तो पुढे जात नाही, शिव्याही देत नाही. उभा राहून बघतो.

आता विनोबांचा चेहरा बघा. या सगळ्याचं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं नाही. ही ईश्वराची करणी आहे, असंच ते म्हणत राहिले. नम्रतेची रीत म्हणून ते बोलले असं समजू नका. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, हाच माणूस धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत होता आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. आपल्या घराघरांतली 'गीता प्रवचने' अशी तुरुंगात जन्मली. नवव्या अध्यायात दुराचाऱ्याबद्दलचा तो प्रसिद्ध श्लोक आहे. अत्यंत वाईट वागलेला माणूसही अनन्यभावाने वळला तर त्याला साधूच समजावं, असं तिथे म्हटलं आहे. कारणही दिलं आहे: त्याचा निश्चय योग्य झाला. तो शुद्ध झाला म्हणून, त्याने फेडलं म्हणून, असं म्हटलेलं नाही. शुद्ध होणं, फेडणं हे सगळं वळल्यावरचं. धुळ्याच्या बराकीत हे सांगणं सोपं होतं, ऐकणारे बहुतेक देशासाठी आत आलेले. कनेऱ्यात तो श्लोक खुनी माणसांपुढे उभा राहिला आणि खरा ठरला.

मी याला कृपा म्हणतो, कारण दुसरा शब्द पुरत नाही. लुक्काला पकडण्याची ताकद पोलिसांत होती, आज ना उद्या मारलाही असता. त्याला स्वतःहून येऊन "हे मी केलं" म्हणून उभं करणारी ताकद कुठल्याही खात्याकडे नाही. ती लुक्काकडेही नव्हती, असती तर आधीच आला असता.

टीका झाली, आणि ती ऐकायला हवी. मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख रुस्तमजी यांनी उघड नापसंती दाखवली. ज्यांना पकडताना आमची माणसं मेली त्यांचा असा गौरव व्हावा का, हा त्या बाजूचा प्रश्न. प्रश्न खोटा नव्हता. पोलिसांच्या विधवा होत्या, पकडींनी उठलेली घरं होती. त्यांच्या दारी कुणी पदयात्रा नेली नाही. कृपेच्या नावाखाली आपण त्यांना विसरलो, हे समाज म्हणून आपलं अपयश आहे, आणि ते विनोबांच्या खाती टाकून मोकळं होता येणार नाही.

लुक्का आणि बाकीचे गजाआड गेले, खटले चालले, तुरुंगवास झाला.

आता पुन्हा ग्वाल्हेर. तीच छोटी गाडी, पण यावेळी जौऱ्याच्या फाट्यावर. एप्रिल १९७२. माधोसिंग या बागीने आधी पवनारला विनोबांकडे विचारणा केली. विनोबांनी जयप्रकाश नारायणांकडे बोट दाखवलं. मग माधोसिंग नाव बदलून पाटण्याला जयप्रकाशांच्या दारी गेला. जौऱ्याच्या महात्मा गांधी सेवा आश्रमात, आश्रम उभा करणाऱ्या सुब्बारावांच्या आवारात, १४ एप्रिलला मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांचे साथीदार गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवतात. त्या वर्षात हा आकडा चारशेच्या पुढे गेला. ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती कारागृहाची दारं त्यांच्यासाठी उघडली.

जौऱ्याच्या त्या गर्दीत तुम्ही विचारा, बीहडात निरोप घेऊन कोण गेलं होतं? बागी दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवत नाहीत, पोलिसाचा माणूस म्हणून गोळी घालतात. नावं कळतात तेव्हा तुम्ही थबकाल. जयप्रकाशांच्या वतीने त्या घळींत उतरणाऱ्यांमध्ये तहसीलदारसिंग होता, आणि लोकमन दीक्षित. दोघांच्याही हातात बंदूक नव्हती.